गोळी झाडल्यानंतरची जबाबदारी

सप्टेंबर २०१९ मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यातली एक चित्रफीत देशभर पाहिली गेली. पिकांची नासाडी करणाऱ्या नीलगायींना मारण्याची सरकारी मोहीम तिथे सुरू होती. गोळी लागलेली एक नीलगाय खड्ड्याच्या तोंडाशी पडली आहे, तिच्यात अजून धुगधुगी आहे आणि जेसीबी तिला आत ढकलून वर माती लोटतो आहे, असे त्या चित्रफितीत दिसत होते. संतापाची लाट उठली आणि वाद ठरलेल्या दोन बाजूंना गेला. नीलगायी मारूच नयेत असे म्हणणारे एकीकडे. उभे पीक एका रात्रीत आडवे झालेल्या शेतकऱ्याने काय करायचे, असे विचारणारे दुसरीकडे. दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे. पण त्या खड्ड्यातल्या जनावराने उभा केलेला प्रश्न तिसराच होता आणि तो या भांडणात बाजूला पडला. मारायचे हे एकदा ठरल्यावर, गोळी लागूनही न मेलेल्या प्राण्याचे काय करायचे, आणि ते कोणी करायचे?

हा प्रश्न बिहारपुरता नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात रोही, म्हणजे याच नीलगायी, आणि रानडुकरे सोयाबीन, तूर, हरभऱ्यात उतरतात. पीक हाती येईपर्यंत शेतकरी रात्र रात्र जागल करतो, डबे वाजवतो, फटाके लावतो. २०१५ मध्ये राज्य शासनाने पिकांचे नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारण्याच्या परवानगीची प्रक्रिया सोपी केली, ती या हतबलतेतूनच. ती परवानगी असावी की नसावी, हा आजच्या लेखाचा विषय नाही. एवढे मात्र खरे, की परवानगी दिली की शेतात बंदूक येते, आणि बंदूक आली की तिच्याबरोबर चुकलेला नेमही येतो. परवानगी देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने या चुकलेल्या नेमाचा विचार आधीच करायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिकारीच्या गोष्टींमध्ये अचूक नेमाचे कौतुक फार असते. प्रत्यक्षात जनावराच्या अंगावर झटपट मरण देणारी जागा लहान असते. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या पिंजऱ्यात हृदय आणि फुप्फुसे असतात तो भाग जेवणाच्या ताटाएवढा. तिथे योग्य ताकदीची गोळी बसली तर जनावर थोडे पळते आणि कोसळते. वीतभर मागे गेली तर पोट फुटते. खाली गेली तर पाय मोडतो. डोक्यावर धरलेला नेम जरा पुढे सरकला तर जबडा उडतो, आणि ते जनावर पुढे कित्येक दिवस खाऊ-पिऊ न शकता जगते. पोटात गोळी लागलेल्याचे मरण तासन् तास लांबते. त्यात शेतातली परिस्थिती अशी, की रात्रीची वेळ, बॅटरीचा झोत, बिथरलेला कळप आणि भोवती जमलेली माणसे. पूर्ण वाढलेल्या रोह्याच्या नराचे वजन २०० किलोंच्या पुढे जाते. त्याच्यावर छऱ्यांचा बार काढणे म्हणजे त्याला मारणे नव्हे. त्याला जायबंदी करून अंधारात पाठवून देणे, एवढेच त्यातून बहुधा साधते.

बार काढल्यानंतर काय करायचे याचे एक जुने शास्त्र आहे, आणि ते जिथे जिथे शिकारीची शिस्त टिकली तिथे जवळपास सारखेच आहे. जाणता माणूस लगेच धावत सुटत नाही. जनावर नेमके कुठे उभे होते, गोळी लागल्यावर ते उसळले की पाठीत वाकले, कोणत्या दिशेला गेले, हे तो मनात पक्के करतो. मग त्या जागेवर जाऊन जमीन पाहतो. उजळ लाल, फेसाळ रक्त असेल तर गोळी फुप्फुसात आहे आणि जनावर फार लांब गेलेले नाही. काळपट, दाट रक्त असेल तर जखम यकृताची. रक्तात हिरवट चोथा आणि आंबूस वास असेल तर गोळी पोटात गेली आहे. अशा वेळी लगेच पाठलाग केला तर घाबरलेले जनावर आहे तेवढे बळ एकवटून दूरवर पळते आणि हाती लागत नाही. थोडा वेळ जाऊ दिला तर ते जवळच्या झुडपात बसते. वेदनेत असलेल्या प्राण्याला काही वेळ तसेच राहू देणे ऐकायला निर्दय वाटते, पण त्याची यातना लवकर संपण्याची शक्यता त्यातच जास्त असते. मग माग काढत जायचे. पानांच्या खालच्या बाजूला पुसलेले रक्त, खुरांचा फाकलेला ठसा, मोडलेली काडी पाहत पुढे सरकायचे. जनावर पडलेले दिसले तरी त्याच्या तोंडासमोरून जायचे नाही. पाठीमागून जायचे, लांब काठीच्या टोकाने डोळ्याला हलकेच स्पर्श करायचा. पापणी हलली तर ते जिवंत आहे, आणि तिथे क्षणभरही न दवडता जवळून दुसरी गोळी घालायची. काठ्या, कुऱ्हाडी आणि कुत्री हे या कामाचे साधन नव्हे.

या शास्त्रातले काही देशांनी कायद्यात उतरवले आहे. जर्मनीच्या संघीय शिकार कायद्यातले कलम २२ अ सांगते, की गोळीने जखमी झालेल्या वन्यप्राण्याला टाळता येण्याजोग्या वेदना होऊ नयेत म्हणून त्याला विनाविलंब मारले पाहिजे. गंभीर आजारी प्राण्यालाही हाच नियम लागू आहे, मात्र त्याला पकडून उपचार करणे शक्य आणि पुरेसे असेल तर अपवाद. जखमी जनावर शेजारच्या शिकारक्षेत्रात शिरले तर त्याचा माग कसा काढायचा, याचाही विचार त्याच कायद्यात आहे. रक्ताच्या वासावर माग काढणाऱ्या कुत्र्यांच्या खास जाती तिथे पिढ्यान् पिढ्या पाळल्या आणि शिकवल्या गेल्या. नॉर्वेमध्ये मोठ्या जनावरांची शिकार करणाऱ्याला दर वर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते, आणि हरणवर्गातल्या प्राण्यांच्या शिकारीवेळी माग काढणारे प्रशिक्षित कुत्रे उपलब्ध ठेवावे लागते. ही माणसे आपल्यापेक्षा कनवाळू आहेत म्हणून असे नियम झालेले नाहीत. शिकार करणारच असू तर तिच्यातली कोणती गोष्ट हौसेवर सोडता येणार नाही, हे त्यांनी ठरवून टाकले आहे.

भारतात जखमी जनावर सोडून देण्याची किंमत नेहमी दुसऱ्यांनीच मोजली. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जातात. तिच्या जबड्यातले उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, आणि ते जुन्या गोळीच्या जखमेने, असे कॉर्बेट यांनी लिहून ठेवले आहे. नेहमीची शिकार साधेना म्हणून ती माणसांकडे वळली. ती गोळी कोणी झाडली हे कोणालाच कळले नाही. तो माणूस नेम चुकला म्हणून हळहळत घरी गेला असेल. बळी गेले ते कुमाऊंच्या डोंगरात गवत आणि लाकूडफाटा आणायला गेलेल्या बायांचे.

तेव्हा जखमी सावजाला शेवटची गोळी घालणे हे दयेचे काम आहे का? आमच्या मते शिकाऱ्यापुरता दया हा शब्द इथे अपुरा आहे. दया करायची की नाही, हे करणाऱ्याच्या मर्जीवर असते. ही जखम तर त्याच्याच हातची आहे. बंदूक उचलताना त्याने जे काम हाती घेतले ते प्राणी शुद्ध हरपेपर्यंत पूर्ण होत नाही. माग काढणे आणि शेवट करणे हा त्याच कामाचा उरलेला भाग आहे. अंधार पडला, काटे लागतात, दुसऱ्या दिवशी कामावर जायचे आहे, या सबबी त्याला उपलब्ध नाहीत. ज्याला हा उरलेला भाग करण्याची तयारी नाही, त्याने पहिला बारही काढू नये.

रस्त्याने जाणाऱ्या माणसाला मात्र हे तर्कशास्त्र लागू होत नाही. महामार्गावर मोटारीची धडक बसून पडलेले चितळ दिसले म्हणून कोणी त्याचा ‘शेवट’ करायला जाऊ नये. जखम जीवघेणी आहे की नुसता धक्का बसला आहे, हे त्याला कळत नाही, आणि त्याला तो अधिकारही नाही. महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. तिथे कळवावे, गर्दी हटवावी, प्राण्याच्या डोळ्यांवर उजेड आणि कानावर गोंगाट येऊ देऊ नये. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

रामायणातल्या एका प्रसंगाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आपण ज्याला श्रावणबाळ म्हणून ओळखतो त्या तरुणाची गोष्ट घराघरात माहीत आहे. शरयूच्या काठी अंधारात घागर बुडबुडल्याचा आवाज आला, हत्ती पाणी पितो आहे असे समजून दशरथाने आवाजाच्या रोखाने बाण सोडला, आणि तो माणसाला लागला. सांगताना आपण लगेच आंधळ्या आई-वडिलांच्या शापाकडे जातो. पण वाल्मीकींनी त्याआधी एक अवघड क्षण रेखाटला आहे. मर्मात रुतलेल्या बाणाची वेदना असह्य झालेला तो मुलगा राजाला बाण काढायला सांगतो. बाण राहिला तर तो तळमळणार, काढला तर मरणार. राजा या पेचात थबकतो. शेवटी त्या मुलाच्याच सांगण्यावरून तो बाण उपसतो आणि मुलगा प्राण सोडतो. बाण उपसण्याचे काम दशरथाला दुसऱ्या कोणावर सोपवता आले नाही; सोडणारा तोच होता. आणि त्याची मूळ चूकही कथेत लपवलेली नाही. न दिसणाऱ्या लक्ष्यावर त्याने बाण सोडला होता, आपल्या शब्दवेधी कसबाच्या अभिमानापोटी. आज बॅटरीच्या झोतात हलणाऱ्या तुरीवर बार काढणाऱ्यालाही हेच सांगावे लागते, की जे नीट दिसत नाही त्यावर गोळी झाडायची नाही. जखमी प्राण्यांची निम्मी समस्या तिथेच मिटू शकेल.

त्या मुलाला बोलता येत होते. जनावराला येत नाही, आणि या विषयातला सर्वांत गंभीर आक्षेप इथेच आहे. प्राण्याने मरण मागितलेले नाही. उलट तो अखेरच्या श्वासापर्यंत जगण्याची धडपड करतो. मग त्याच्या वतीने निर्णय घेणारे आपण कोण? जैन परंपरेने आणि पांजरपोळांनी या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके कृतीने दिले आहे: जीव घ्यायचा नाही, शेवटपर्यंत सेवा करायची. ही भूमिका भाबडी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही.

तिच्याशी सर्वांत प्रामाणिक झुंज महात्मा गांधींनी दिली. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातले एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते, कूस बदलणेही त्याला शक्य नव्हते. उपचारांची आशा संपल्यावर गांधीजींच्या संमतीने त्याला इंजेक्शन देऊन मरण दिले गेले. अहिंसेच्या उपासकाने हे करावे याचा लोकांना धक्का बसला, रागाची पत्रे आली. गांधीजींनी ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मधून आपली बाजू मांडली. त्या लेखनाचा दुसरा भाग मात्र फारसा आठवला जात नाही, आणि आजच्या प्रश्नाला तोच जास्त लागू आहे. आश्रमातली पिके आणि फळे माकडे फस्त करत होती. त्यांना मारावे का, यावरही त्यांनी तिथेच विचार केला. वासराला मरण दिले ते वासराच्याच सुटकेसाठी, म्हणून ती हिंसा नव्हे. माकडांना मारले तर ते आपल्या फायद्यासाठी, म्हणून ती हिंसाच, जरी कधी ती टाळता आली नाही तरी. हेतू कोणाच्या हिताचा आहे, यावर त्यांनी बोट ठेवले.

रोह्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच रात्रीत, एकाच जनावराच्या बाबतीत घडतात. पहिली गोळी आपल्या पिकासाठी असते. ती हिंसा आहे हे मान्य करण्यात शेतकऱ्याचा अपमान नाही. पोटासाठी कराव्या लागणाऱ्या पुष्कळ गोष्टी तशाच असतात. दुसरी गोळी मात्र त्या जनावरासाठी असायला हवी. वैशालीत ती झाडली गेली नाही.

पांजरपोळांच्या आक्षेपातला एक भाग आम्हाला पूर्णपणे पटतो. ‘वाचण्याची आशा नाही’ हे म्हणायला आपण फार लवकर तयार होतो. तीन पायांवर जगणारी हरणे आणि बिबटे जंगलात दिसतात. तुटलेले शिंग, फाटलेला कान, लंगडणारा पाय एवढ्यावरून कोणाचे मरण ठरत नाही. कणा मोडलेला, मागचे धड ओढत चाललेला, आतडी बाहेर आलेला किंवा जबडा उडालेला प्राणी ही गोष्ट वेगळी आहे. गावठी बॉम्ब चावलेल्या रानडुकराला उपचारांनी पूर्ववत करता येत नाही. २०२० च्या मे महिन्यात केरळमधल्या पलक्कड भागात स्फोटक भरलेले फळ खाल्लेली गाभण हत्तीण नदीच्या पाण्यात उभी राहून मेली, तेव्हा सगळ्या देशाने ते पाहिले. या दोन टोकांच्या मधला जो पट्टा आहे, तिथे निर्णय पशुवैद्यकाचाच हवा, बंदूकवाल्याचा नव्हे.

मरण टाळण्याचीही एक किंमत असते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१२ मध्ये शिकाऱ्यांच्या सापळ्यात पंजा अडकलेला ‘साहेबराव’ वाघ वाचला, पण पायाची बोटे गेली आणि तो कायमचा पिंजऱ्यात आला. जानेवारी २०२० मध्ये नागपूरला गोरेवाडा येथे त्याला कृत्रिम पंजा बसवण्याचा प्रयत्न झाला. त्यामागची कळकळ खरी होती, डॉक्टरांचे कौशल्यही मोठे होते. शुद्धीवर आल्यावर वाघाने तो पंजा झटकून टाकला. मोकळ्या जंगलात मैलोन् मैल फिरलेल्या प्राण्याला बंद जागेत जन्मभर ठेवणे ही दया आहे की आपल्या मनाची समजूत, याचे उत्तर आम्हाला सोपे वाटत नाही. साहेबराव जगला याचा आनंदच आहे. पण एका वाघासाठी शस्त्रक्रियेचे टेबल आणि एका रोह्यासाठी जेसीबी, ही तफावत डोळ्यांत खुपते. वेदना दोघांनाही तेवढीच होते.

आपला कायदा याबाबत मुका नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ११ नुसार, अनुसूची १ मधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा होण्यापलीकडे जायबंदी वा रोगग्रस्त झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. पकडणे, बेशुद्ध करणे, दुसरीकडे हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्याशिवाय असा आदेश देता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातही, जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल इतक्या जखमी जनावराला पशुवैद्यकाच्या दाखल्यानंतर आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मरण देण्याची वाट आहे. ही वाट चिंचोळी आहे, आणि ती मुद्दाम तशी ठेवली आहे. ‘जखमी होते म्हणून मारले’ ही चोरट्या शिकाऱ्याची सर्वांत सोयीची सबब असते. आधी फासकी लावायची, मग अडकलेल्या जनावरावर ‘दया’ करायची आणि मांस वाटून घ्यायचे, असे होऊ द्यायचे नसेल तर कायदा कडकच हवा. म्हणून सरसकट सवलत द्यावी असे आम्ही म्हणणार नाही.

जिथे शासन स्वतः मारण्याची परवानगी देते, तिथे मात्र परिस्थिती उलटी आहे. पहिल्या गोळीला शासनाची संमती असेल तर दुसऱ्या गोळीची सक्तीही शासनानेच केली पाहिजे. परवानगीच्या कागदावर बंदुकीचा आणि गोळीचा प्रकार जनावरागणिक ठरलेला असावा; रोह्यासाठी छऱ्यांची बंदूक चालणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. बोलावलेल्या बंदूकधारकाची नेमबाजी आधी तपासली जावी. जखमी जनावराचा माग काढण्याची जबाबदारी नावानिशी त्याच्यावर असावी, आणि ती टाळली तर पुढची परवानगी बंद व्हावी. जखमी डुक्कर बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उसात किंवा जंगलाच्या हद्दीत शिरले तर काय करायचे, हेही आधी ठरलेले असावे. परवानगी एका शेतातल्या नुकसानीसाठी असते, पण रक्ताचा माग गट क्रमांक पाहून थांबत नाही. अशा वेळी वनरक्षकाला फोन लावून त्याच्या सोबतीने पुढे जाता आले पाहिजे. माग काढण्यात पारंगत माणसे आपल्याकडे अजून आहेत. जंगलाकाठच्या कित्येक गावांत ओल्या मातीतल्या ठशावरून जनावर कधी गेले हे सांगणारी म्हातारी माणसे भेटतात. त्यांना मानधन देऊन या कामात घेतले तर परदेशी कुत्र्यांची वाट पाहण्याची गरज पडणार नाही.

शिवाय मोजणी झाली पाहिजे. डेन्मार्कमध्ये १९९० च्या दशकात गुलाबी पायांच्या रानहंसांची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा प्रौढ पक्ष्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पक्षी अंगात छरे घेऊन उडत असल्याचे दिसले. शिकाऱ्यांच्या संघटनांना ते नाकारता आले नाही. किती अंतरावरून गोळी झाडायची याचे प्रशिक्षण सुरू झाले, लांबून बार काढण्याची सवय मोडण्याची मोहीम निघाली, आणि पुढच्या वर्षांत हे प्रमाण बरेच खाली आले. मोजल्याखेरीज हे झाले नसते. महाराष्ट्रात रोही आणि रानडुकरांच्या परवानग्यांचा हिशेब ठेवताना किती जनावरे मेली याच्या शेजारी किती गोळ्या झाडल्या, किती जनावरे जखमी होऊन निसटली आणि त्यांपैकी किती सापडली, हे तीन आकडे तालुकावार दर वर्षी जाहीर व्हावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही; वन विभागाने एक परिपत्रक काढले तर येत्या खरिपापासून ही नोंद सुरू होऊ शकते.